आदेशातली नऊ तारीख

"तुझा सख्खा भाऊ ना हा? म्हणूनच तुला देतोय." साहेबांनी लवूचा कागद रघुवीरच्या टेबलावर सरकवला. "आपल्या लोकांचा मजकूर मोघम असतो, कोर्ट सोडून देतं. या महिन्यात तिघे सुटले. तू एलएल.बी. आहेस. भोक राहणार नाही असा अटकेचा आदेश लिही."

झाली की पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही म्हणावं तर नोकरी जाणार, आणि आदेश दुसरा कोणीतरी लिहिणारच. गुप्त पोलिसांत वकिलीच्या पदवीला एवढा भाव का, हे रघुवीरला आता कळलं. माणूस खटल्याशिवाय आत ठेवायचा तर कागद पक्का लागतो.

लवूने संयुक्त महाराष्ट्रासाठी लालबागला भाषण ठोकलं होतं, एकोणीस तारखेला. रघुवीरने सगळं बिनचूक लिहिलं. जागा, वेळ, शब्द न् शब्द. तारीख तेवढी घातली नऊ. नऊला लवू मालवणात काकाच्या तेराव्याला होता, अख्खा गाव साक्षीला. साहेबांनी कागदावर नजर फिरवली, वर सही झाली, आणि दुसऱ्या दिवशी लवूला उचललं.

करी रोडच्या खोलीत आई, शेवंती, आदेशाची प्रत मांडीवर घेऊन बसली होती. थोरला सरकारी कारकून आहे, एवढंच तिला ठाऊक.

"झिला, तू वकील झालंस ना रे? मग भावाक सोडव. तुका शिकवलंय ता कित्याक?"

आये, तारीख बघ, असं ओरडून सांगावंसं वाटलं त्याला. पण बोलायची सोय नव्हती. चूक त्याने दाखवली असती, तर ती मुद्दाम कोणी केली हे साहेबांना लगेच कळलं असतं.

"सरकारी नोकराला कोर्टात उभं राहता येत नाही, आये. गिरगावात माधवराव वकील आहेत, फुकट लढतात. त्यांच्याकडे जाऊ."

"पोटचो असान परको," ती तोंड फिरवून म्हणाली. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

माधवरावांनी आदेश दोनदा वाचला. "लिहिणारा भलता हुशार दिसतो. कुठे फटच नाही हो!" रघुवीर दाराशी उभा होता. वकिलांनी तिसऱ्यांदा चष्मा पुसला. "शेवंतीबाई, नऊ तारखेला मुलगा कुठे होता?"

"मालवणाक. दिराच्या तेराव्याक."

"काय सांगता! मग सुटलाच म्हणा. सोमवारी अर्ज टाकतो."

परतताना आईने वाट वाकडी करून प्रभादेवीच्या गणपतीला नारळ फोडला. रघुवीर त्या दिवशी पोटभर जेवला.

शनिवारी साहेबांनी हाक मारली. ते खुशीत होते. "कैद्याला अर्ज करायचा हक्क असतो ना, तसा तुझ्या भावाने तुरुंगातून केलाय. वाच, आणि नवा आदेश तयार कर. आज सही व्हायला हवी."

रघुवीरने कागद उलगडला.

'लालबागचे भाषण मी नऊ तारखेस नव्हे, एकोणीस तारखेस केले. त्याचा मला अभिमान आहे. चुकीच्या तारखेआड लपून मला सुटायचे नाही, तरी दुरुस्ती करावी. माझा थोरला भाऊ वकील आहे. कागदावर खोटे राहू देऊ नये, हे त्यानेच मला शिकवले.'