येताना थांबू

शोरूममध्ये हेरंबरावांचं ठरल्यातच जमा होतं. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ती दोन मोटरची, मोठ्या बॅटरीची. पुण्याहून निघायचं ते थेट कोल्हापूर, मध्ये कुठे टेकायचं नाही!

“आपल्याला एका मोटरची, छोट्या बॅटरीची पुरे,” त्यांच्या पत्नी शरयूताई म्हणाल्या.

“अगं, वाटेत चार्जिंगला थांबावं लागेल!”

“म्हणूनच तर! लग्न झाल्यापासून कराडजवळची ती रसवंती मी नुसती खिडकीतून बघतेय. जाताना तुम्ही म्हणता, येताना थांबू. आणि येताना ती बंद झालेली असते.”

हेरंबराव हसले. त्यांनी निमूटपणे माहितीपत्रकातल्या छोट्या बॅटरीवर बोट ठेवलं.

सेल्समन खुलला. “काळजी नको साहेब, वाटेत फास्ट चार्जर आहेत. अर्ध्या तासात मोकळे!”

“जरा सावकाश चार्ज करणारा नाही का एखादा?” हेरंबरावांनी विचारलं.