पानं उडवायचं मशीन

प्रितेशने अमेरिकेत लग्न ठरवलं, घर घेतलं, गाडी बदलली. मला सगळं फोटो आल्यावर कळलं. त्यामुळे काल व्हिडिओ कॉलवर तो "पप्पा, एक मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ तुम्हीच सांगा," म्हणाला, तेव्हा करी रोडच्या आमच्या खोलीत मी खुर्ची सोडून उभाच राहिलो.

अंगणात पडलेली पानं हवेने उडवायचं मशीन होतं, पेट्रोलवरचं. एक हातात धरायचं, हलकं. दुसरं पाठीला बांधायचं, दहा किलोचं. चाळीस वर्षं लालबागच्या गॅरेजमध्ये इंजिनं खोललीत मी. फोटो बघूनच कळलं.

"हातातलं खेळणं आहे रे, लगेच तापेल. पाठीवरचं घे."

"जड नाही होणार?"

रोज जिमला जाणारा गडी, आणि विचारतो काय!

"पुरुषासारख्या पुरुषाला दहा किलो म्हणजे काय?"

तेवढ्यात हिने डॉक्टरांनी दिलेला माझा कमरेचा पट्टा पुढे केला. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मी तो खुर्चीखाली सरकवला.

"नक्की ना, पप्पा?"

"डोळे मिटून घे."

त्याने तिथल्या तिथे ऑर्डर टाकली. मुलाने आपलं ऐकलं, म्हणून मी हिच्याकडे जरा ऐटीतच बघितलं.

 

"बरं झालं पप्पा, वापरणार तुम्हीच, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुमचं तिकीट ऑक्टोबरचं काढलंय, इथे पानं तेव्हाच पडतात."