उजवी मूठ

क्रेनवाल्याच्या उजव्या मनगटावर नवा पट्टा आला आणि केबिनमधले दांडे गेले. त्याने मूठ आवळली की बाहेरचा लोखंडी पंजा भंगार धरायचा, मूठ उघडली की सोडायचा.

"म्हणजे आता नुसता हात हलवायचा पगार! मजा आहे बुवा तुमची," बायको सकाळी हसली होती. त्या हसण्यात डबा घरीच राहिला.

दुपारी ती तोच डबा घेऊन भंगाराच्या आवारात आली. पंजात टनभर लोखंड लटकत होतं आणि ती थेट त्याच्याखालून चालत येत होती. काचेआडून मारलेल्या हाका तिला ऐकू जाईनात.

तिने वर पाहिलं, त्याला बघून हसली.


"थांब" म्हणून त्याने तिला उजवा तळहात दाखवला.