चारला पाच कमी

विमानाने एकदाचं जमीन सोडली तेव्हा धाकट्याच्या मनगटावर सहा वाजले होते. सुटायचं होतं तीनला. आधी म्हणे धुकं, मग म्हणे वैमानिक आला नाही, आणि तो आला तर दार लागेना.

सकाळी फोनवर त्याने आईला सगळं नीट समजावलं होतं. "तासाभराचा तर प्रवास. त्यात तुमचं घड्याळ आमच्याहून तासभर मागे. म्हणजे तीनला निघतो, तीनलाच उतरतो. चारला तुझ्या उशाशी."

आई खोकत खोकत हसली. "म्हणजे वाटेत वेळच लागत नाही की रे! बघ हं, चारपर्यंत दम धरते. पुढे मला जमायचं नाही."

आणि हीच खरी पंचाईत होती. आई शब्दाची पक्की. आयुष्यात तिने कुणाची मिनिटभर जास्त वाट पाहिली नव्हती. स्वतःच्या लग्नात नवरदेवाला उशीर झाला, तर ही बया एकटीच जेवून हात धुऊन बसली होती.

ढगांतून तासभर गेला, घड्याळातून मात्र गेलाच नाही. सहाला उडालेलं विमान सहालाच उतरलं. ताई फोन उचलेना. टॅक्सी घरापाशी थांबली तोवर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

ताईने दार उघडलं. तोंडावर बोट.

"गेली?" त्याने विचारलं.

"शूः! अजून चार वाजायचेत."

हिचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं. मग तो आईच्या खोलीत शिरला आणि जागीच थिजला. पलंगावर दुपारचं ऊन पडलं होतं. कपातल्या चहाची वाफ वर येऊन तशीच थांबली होती. सलाइनचा थेंब पडू की नको करत लोंबकळत होता. भिंतीवर चारला पाच कमी.

"तिचा श्वास अडकायला लागला," ताई कानाशी पुटपुटली. "मला काही सुचेना रे. स्टुलावर चढले आणि घड्याळाचा सेल काढला. तेव्हापासून हे असंच."

तिने मूठ उघडली. सेल घामाने ओला झाला होता.

धाकट्याने आईचा हात हातात घेतला. उबदार होता, पण नाडी कुठे लागेना. तरी तो वाकला आणि तिच्या कानात धडधडीत खोटं बोलला, "आई, वेळेत आलो गं. चारला पाच कमी आहेत."

आईने एकच डोळा उघडला. आधी खिडकीबाहेरचे दिवे बघितले. मग ताईची मूठ.

"लबाड कुठचे! केव्हाचं टांगून ठेवलंय मला. घाल तो सेल परत. पाच मिनिटं पोटभर बोलू, मग मला जाऊ द्या."