गळ्यातला पट्टा

हिवाळाभर लांडगा होऊन माँटानाच्या डोंगरांत हिंडलेला नवरा माणूस होऊन परतला, गळ्यात वनखात्याची रेडिओ कॉलर घेऊनच. “बेशुद्ध करून अडकवली गं साल्यांनी. एकटाच झुरत होतो तुझ्यासाठी. आम्हा लांडग्यांना जन्मात जोडीदार एकच!” मला भरून आलं. पाना आणून पट्ट्याचा नट सैल करणार, तेवढ्यात दार वाजलं. तो पलंगाखाली शिरला. दारात वनखात्याचा माणूस. “मॅडम, आमच्या लांडग्याचा सिग्नल इथूनच येतोय. नुकताच संसार मांडलाय हो बिचाऱ्याने.” त्याने कौतुकाने फोटो दाखवला. बर्फात पट्टा घातलेला माझा नवरा आणि त्याला बिलगलेली गाभण लांडगीण. “थांबा हं,” म्हणत मी आत गेले. “गेला का तो?” पलंगाखालून मान पुढे आली. “कितवा महिना रे तिला?” मी नट करकचून आवळला आणि ओरडले, “या साहेब, तुमचा लांडगा सापडला!”