परत गेलेल्या पिशव्या

“रक्तवाढीची गोळी चहासोबत देऊ नका, अंगी लागत नाही,” असं औषधवाल्यानं सांगितलेलं सुनेनं हसण्यावारी नेलं होतं. महिन्याभरानं सासूबाईंचं हृदयाचं ऑपरेशन लांबणीवर पडलं. “ऑपरेशनमध्ये हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर घेतलं की त्यातल्या सलाइननं रक्त पातळ होतं, यांच्या अंगात तर आधीच रक्त कमी!” भूलतज्ज्ञ म्हणाले. ती रडकुंडीला आली. “अगं, चहा मीच मागायचे ना?” सासूबाईंनी समजावलं. मग दोन महिने तिनं गोळी लिंबूपाण्यासोबत दिली, तेव्हा रक्त वाढलं. ऑपरेशनच्या दिवशी ती लेकीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. भूलतज्ज्ञ हसतच बाहेर आले, “सुखरूप आहेत. वाहिलेलं रक्त गाळून त्यांचंच त्यांना दिलं. त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या रक्ताच्या पिशव्या रक्तपेढीत परत!” नर्स पिशव्यांचा डबा घेऊन निघाली, लेकीनं डब्याला टाटा केला. त्या सुनेचं तुम्हालाही एवढंच सांगणं: आईचं रक्त शेवटचं कधी तपासलंय, आजच विचारून बघा.