तांडेलाची चक्कर

"उठताना गरगरतं की झोपताना?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

रामनाथने आठवल्यासारखं केलं. "उठताना. आनि मान वर केली की."

"मागच्या खेपेला खाली वाकल्यावर म्हणाला होतात."

"तवा वाकल्यावर व्हतं."

शेजारी बसलेल्या हेमांगीचंच डोकं गरगरायला लागलं. तिचा बाप वेसाव्याचा जुना तांडेल, आयुष्यभर स्वतःची बोट हाकलेला. तांडेलाला चक्कर म्हणजे माशाला पाण्याची भीती. घरी जाळं विणताना हा एक गाठ चुकत नाही, आणि दवाखान्यात आला की म्हणतो जग फिरतंय. मेंदूत तर काही नसेल ना? तिला भीती वाटत होती, आणि भीतीपायी त्याचा रागही येत होता.

डॉक्टरांनी त्याला आडवं करून मान झटकन वळवली, डोळे निरखले. काहीच सापडलं नाही. तेही बुचकळ्यात पडले.

"पहिली गोळी, सिनारिझिन, कशी वाटली?"

"गरगर कमी झाली, पन झोप लय. बसल्या जागी डुलकी."

"बाबा, कधी रे झोपलास? दिवसभर तर टक्क जागा असतोस!"

रामनाथने तोंड डॉक्टरांकडे वळवलं.

"आणि दुसरी, बीटाहिस्टीन?"

"ती बरी. झोप नाय. जरा मळमळतं."

"मग तीच चालू ठेवू, जेवणानंतर घ्या. पण काका, या मोसमात बोटीवर पाय ठेवायचा नाही. भर समुद्रात तोल गेला तर?"

नारळी पुनव तोंडावर आली होती. आता हा डॉक्टरांशी भांडणार, असं हेमांगीला वाटलं. रामनाथने नुसती मान हलवली.

"बोट भावाला देतो," तो म्हणाला.

घरी पोचताच कृष्णाबाईने दारातूनच तोंड सोडलं. "गोली वेलेवर घेत नाय, मंग बरं कसं व्हनार? मी एकटीनं मासली इकायची काय?"

"आई, ओरडू नको गं. बाबाला ही जेवल्यावर दे. तूच लक्ष ठेव." हेमांगीने गोळ्या आईच्या हातात दिल्या, डोळे पुसले आणि मरोळला सासरी निघाली.

रामनाथने दार लावलं. कृष्णाबाईला जेवायला वाढलं, तिचं ताट संपेपर्यंत समोर बसून राहिला. मग एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"पोरांना कललं तं मना बाजारातून उठवतील," ती म्हणाली.

"म्हनून तं चक्कर मना आलीय. घे, पानी पी."